लुथरन उपासनेत दर रविवारी तेच शब्द कशासाठी?

नवी_पालवी
लग्नानंतर दोन वर्षांपूर्वी मी लुथरन मंडळीत आले. माहेरच्या मंडळीत छापील पुस्तक नव्हतं. ज्याला वाटेल तो उभा राहून प्रार्थना करायचा, गाणी पाऊण तास चालायची, डोळ्यांत पाणी यायचं. इथे पापांगीकार (पापांची कबुली), "हे प्रभू, दया कर", "देवाला गौरव", वाचनं, मतांगीकार (विश्वासाची कबुली), प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेणं), सगळं ठरलेलं. पाळकसाहेब मधेच आमच्याकडे पाठ करून वेदीकडे वळतात. सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरनं रोमन कॅथलिक पद्धत सोडली म्हणतात, मग हे तिचंच उरलेलं नाही का? आणि खरी अडचण वेगळीच आहे. शब्द पाठ झाले तशी मी ते मनापासून म्हणते की नुसती ओठांनी, हे मलाच कळेनासं झालंय. यात वर्षानुवर्षं वाढलेल्यांनी सांगावं.

जुनी_पोथी
"उरलेलं" म्हणण्यापेक्षा चाळून घेतलेलं म्हणा. १५२१ च्या अखेरीस लुथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपलेला असताना त्याच्या विटेनबर्ग गावात काहींनी सगळं घाईघाईनं बदलायला घेतलं. मार्च १५२२ मध्ये तो परतला आणि त्यानं लागोपाठ आठ दिवस प्रवचनं दिली. दुबळ्या विवेकाच्या माणसाला फरफटत नेऊ नका, हा त्यांचा गाभा. मग १५२३ मध्ये लॅटिन उपासनाक्रम काढला, १५२६ मध्ये जर्मन. मिस्सा (रोमन पद्धतीतली प्रभुभोजनाची उपासना) म्हणजे आपण देवाला चढवलेला यज्ञ, असं सांगणाऱ्या प्रार्थना त्यानं काढल्या, बाकीचं बरंच ठेवलं. लुथरन पक्षानं आपला विश्वास मांडलेल्या १५३० च्या आउग्सबर्ग मतांगीकाराचं २४ वं कलम तर स्पष्टच म्हणतं की आम्ही मिस्सा बंद केल्याचा आरोप खोटा आहे.

हे शब्द बायबलमध्ये कुठून आले तेही पाहा. "पवित्र, पवित्र, पवित्र" यशयाच्या ६ व्या अध्यायातलं, "देवाचा कोकरा" योहान १:२९ मधलं, प्रभुभोजनानंतरचं गीत लूक २ मधल्या शिमोनाचं. शेवटचा आशीर्वाद गणना ६ मधला, तो वापरावा हे लुथरनंच १५२३ मध्ये सुचवलं.

दुसरा_बाक
ताई, आधी पाठीचं सांगतो. पाळक लोकांच्या वतीनं देवाशी बोलतात तेव्हा आपल्यासारखेच वेदीकडे तोंड करतात. देवाच्या वतीनं आपल्याशी बोलायचं असेल तेव्हा आपल्याकडे वळतात. दिशा बघितली की कोण कोणाशी बोलतंय ते कळतं. (प्रभुभोजनाच्या वेळी पाळकानं लोकांकडे तोंड करावं असं लुथरचं स्वतःचं मत होतं, पण त्याची वेळ येईपर्यंत थांबू, असं त्यानं १५२६ मध्ये लिहिलंय. म्हणून काही मंडळ्यांत वेगळं दिसेल.)

आता तुमची खरी अडचण. मी अकरा वर्षं आमच्या मंडळीचा खजिनदार होतो. छताच्या दुरुस्तीच्या पैशांवरून पाळकांशी माझं बिनसलं. भर बैठकीत त्यांनी माझ्या हिशेबावर शंका घेतली, मीही नको ते बोललो. त्यानंतर सात-आठ महिने आमचं बोलणं बंद होतं. तरी दर रविवारी मी दुसऱ्या बाकावर बसायचो आणि ते आमच्याकडे वळून म्हणायचे, "माझा प्रभू येशू ख्रिस्त याच्या आज्ञेवरून व त्याच्या वतीने मी तुम्हांला तुमच्या सर्व पापांची क्षमा करतो." त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. वाक्य जर त्यांच्या मनातून यायचं असतं, तर त्या महिन्यांत मला क्षमा मिळालीच नसती. ते पुस्तकात होतं, त्यांना म्हणावंच लागलं आणि मला ऐकावंच लागलं.

लुथरच्या लघु प्रश्नोत्तरीत (विश्वासाचे धडे शिकवणाऱ्या छोट्या पुस्तकात) पापांगीकार करणाऱ्याला विचारलंय, "माझी क्षमा ही देवाची क्षमा आहे असा तुझा विश्वास आहे का?" लहानपणी घोकलेला हा प्रश्न मला त्या बाकावर पहिल्यांदा समजला. "हे प्रभू, दया कर" तेव्हा मी ओठांनीच म्हणत होतो. मन रागानं भरलं होतं, तिथे दुसरं काही नव्हतंच. पण मन येईपर्यंत ओठांनी जागा धरून ठेवली. जर्मनमध्ये उपासनेला 'गोटेसडीन्स्ट' म्हणतात, देवाची सेवा. आपण देवाची करतो ती आणि देव आपली करतो ती, दोन्ही अर्थ निघतात. मला दुसरा आधी लागला.

सूर_नवा
काकांचं पटलं, पण एक बाजू राहिली. आउग्सबर्गचंच ७ वं कलम म्हणतं की मंडळीच्या ऐक्यासाठी माणसांनी घातलेले विधी सगळीकडे सारखे असायची गरज नाही. लुथरनंही १५२६ च्या प्रस्तावनेत आपल्या क्रमाचा कायदा करू नका असं बजावलंय. ताईंच्या माहेरची प्रार्थना कमी दर्जाची होती असं कोणी समजू नये.

दुसरा_बाक
मान्य. त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी खरंच होतं. मी एवढंच म्हणतो, की ज्या रविवारी पाणी येत नाही त्या रविवारी हातात काहीतरी असावं.

नवी_पालवी
काका, काल हे डोक्यात ठेवून बसले. पाळकसाहेब आमच्याकडे वळले तेव्हा प्रथमच वाटलं की आता माझ्याशी बोलणं चाललंय. प्रभुभोजनाआधी "स्वर्गातील सर्व गणांसह" हे शब्द दोन वर्षं म्हणतेय, काल त्यात बाबा आठवले. ते गेल्या पावसाळ्यात गेले. पुढचं "पवित्र, पवित्र" मला गाता आलं नाही, शेजारच्या आजी गात होत्या ते ऐकत राहिले. आणखी एक विचारते. पापांगीकाराआधी थोडा वेळ सगळे गप्प असतात, तेव्हा नक्की काय करायचं?

दुसरा_बाक
आजींनी तुमच्या वाटचंही गायलं असं समजा, पुढे कधी तुम्ही कोणाच्या वाटचं गाल.

त्या शांततेसाठी प्रश्नोत्तरीत सोपी वाट दिलीय. दहा आज्ञांच्या उजेडात आपली जागा बघायची: आई, वडील, मुलगी, मालक, नोकर. बोलून किंवा वागून कोणाला दुखवलं का? कुठे हयगय केली का? मी आठवड्यातली एकच गोष्ट घेतो, माणसाच्या नावासकट. तेवढ्यात ती वेळ संपते.