मदत हवी आहे: शेवाळ आणि जुन्या क्रेटचं प्लास्टिक, माल फुगतोय

मंडळी, प्लास्टिक एक्सट्रूजनमधलं, म्हणजे प्लास्टिक वितळवून स्क्रूच्या मशीनमधून दाबून काढण्यातलं, कोणी आहे का इथे? आम्ही देवगडला आंब्याचे तुटके क्रेट, म्हणजे एचडीपीई, दळून त्यात किनाऱ्यावर वाहून येणारं सरगॅसम शेवाळ मिसळून कलमांसाठी कुंड्या करायला बघतोय. शेवाळ गोड्या पाण्याने नीट धुतो, नाहीतर मीठ स्क्रू खातं, मग उन्हात वाळवून चक्कीत दळून चाळून घेतो. वजनाने २० टक्के टाकलं की मशीनमधून येणारी दोरी कापल्यावर आत नुसती भोकं, जाळीदार घावनासारखी, आणि वास असा की शेजारची सुकटवाली मावशीसुद्धा नाक धरते! १० टक्क्यांवर बरं येतं पण कुंडीची कड अंगठ्याने दाबली की तडकते.

पेट (PET, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) वापरा असं प्लीज सांगू नका, ते २५० अंशांच्या आसपास वितळतं, तोवर शेवाळाचा कोळसा. एचडीपीई १३० च्या आसपास वितळतं म्हणून तेच धरलंय, बॅरल १७० ला ठेवतो, १९० ला माल काळा पडला. मशीन साधं सिंगल स्क्रू, वाफ बाहेर जायला व्हेंट नाही, ट्विन स्क्रूचं बजेट नाही. कुंडी मातीत कुजणार नाही हे माहितीय, तो दावा करायचाच नाहीये. मॅलेइक अॅनहायड्राइडवाल्या कपलिंग एजंटबद्दल (शेवाळ आणि प्लास्टिक एकमेकांना धरून ठेवणारं रसायन) वाचलंय, वापरला नाही अजून.

आता पावसाळी हवेत वाळलेली पूडही रात्रीत ओल धरते, तर ती ओव्हनमध्ये किती अंशांवर किती तास ठेवून लगेच मशीनला लावली की फुगे थांबतील, आणि १० टक्के शेवाळाला तो एजंट साधारण किती टाकायचा?