आठवड्याचा स्वयंपाक आधी ठरवल्याने काम कमी होते की वाढते?

प्रश्न (धुळे)
नमस्कार. आमच्या घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि शाळकरी दोन मुले अशी सहा माणसे आहेत. मी शिक्षिका असून सकाळी साडेनऊला घर सोडते. संध्याकाळी दारात चप्पल काढतानाच ‘आज काय करायचे?’ हा प्रश्न उभा राहतो आणि काही सुचले नाही की आठवड्यातून दोनदा तरी बाहेरून शेवभाजी येते. सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास असल्याने ती त्यांना चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे वरण लावावे लागते. त्यातच शनिवारी फ्रीज आवरताना तळाशी पिवळी पडलेली मेथीची जुडी सापडतेच. आठवड्याचे जेवण आधी ठरवावे असे मनात आहे, पण सासूबाई म्हणतात, “कागद पाहून कोणी स्वयंपाक करतं का?” ज्यांनी हे करून पाहिले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

उत्तर १ (भुसावळ)
ताई, माझे यजमान रेल्वेत पाळीच्या ड्युटीवर असल्याने आमच्याकडे जेवणाच्या वेळाच ठरलेल्या नसतात, त्यामुळे मला नियोजनावाचून गत्यंतर नव्हते. सुरुवातीला मी चौदा वेळच्या जेवणांचा तक्ता केला आणि तो तिसऱ्या दिवशीच मोडला. मग पदार्थ लिहिणे सोडून पूर्वतयारी लिहू लागले. मंगळवारी सकाळी मटकी भिजवायची, रात्री फडक्यात बांधायची, म्हणजे बुधवारी मोड तयार मिळतात. कढी-फुनक्यांचा (फुनके म्हणजे वाटलेल्या डाळींचे वाफवलेले मुटके) बेत असेल तर आदल्या रात्री डाळी भिजल्याच पाहिजेत. संध्याकाळी सहाला आठवण होऊन उपयोग नसतो. दळणाचेही तसेच. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडदाचे दळण सवडीने आणले तरी चालते, पण बाजरीचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून ते आठवड्यापुरतेच दळून आणते.

मेथी वाया जाण्याचे कारण बहुधा भाज्यांच्या क्रमात आहे. बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी, मग वांगी-गिलकी, त्यानंतर कोबी-दुधी, आणि टोपली रिकामी झाली की पाटोडीची भाजी किंवा घोटलेली उडदाची डाळ, असा क्रम लावल्यापासून आमच्याकडे भाजी क्वचितच फेकली जाते.

उत्तर २ (जळगाव)
वरील ताईंच्या सांगण्याला एक पुस्ती जोडतो. आधी ठरवणे आणि आधी शिजवून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो. एरवी शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे असे सांगतात, पण ३२ अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ही मुदत एका तासावर येते. त्यातच वीज गेली तर रविवारी करून ठेवलेल्या भाज्यांचा भरवसा उरत नाही. म्हणून उन्हाळ्यात निवडणे, भिजवणे आणि कोरडे मसाले एवढेच आगाऊ करावे.

सासऱ्यांसाठी वेगळा स्वयंपाक करण्याचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्याचा सल्ला देते, आणि शेव, पापड, लोणचे यांत ते सहज ओलांडले जाते. बेत आधी ठाऊक असेल तर डाळ शिजल्यावर मीठ-तिखट घालण्यापूर्वी त्यांची वाटी बाजूला काढता येते. ऐनवेळी ठरवलेल्या जेवणात नेमकी हीच वाटी राहून जाते.

उत्तर ३ (चोपडा तालुका)
माझे मत थोडे वेगळे आहे. आम्ही शेतकरी माणसे. हिवाळ्यात शेजारून पाटीभर भरिताची वांगी आली की त्या रात्री कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जाणार, मग कागदावर काहीही लिहिलेले असो. म्हणून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवाव्यात.

दुसरे म्हणजे, सासूबाईंना हे नवे वाटत असले तरी त्या यात आपल्या सर्वांच्या गुरू आहेत. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत बिबडे, कुरडया, पापड आणि वर्षाचा मसाला यांची बेगमी करणाऱ्या बाईला वर्षाचे नियोजन येते, तिथे आठवड्याचे काय! त्यांना कागद दाखवू नका. ‘या आठवड्यात कोणकोणते उपवास आहेत?’ एवढे विचारून त्यांच्या शेजारी बसा. आणि हो, भाजी आणण्याची यादी घरातल्या पुरुषांच्या हाती द्या, नाहीतर ठरवण्याचे कामही तुमच्याच डोक्यावर बसेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर (धुळे, तीन आठवड्यांनंतर)
सर्वांचे आभार. गुरुवारचे फुनके शनिवारवर गेले, कारण डाळ भिजवायला मीच विसरले. मटकी मात्र सासूबाई न सांगता भिजवतात आणि दिनदर्शिकेवरील एकादशीच्या चौकटीत त्यांनी स्वतः पेन्सिलीने ‘भगर’ असे लिहून ठेवले आहे. यजमानांनी पहिल्या यादीवर मेथीच्या एका जुडीऐवजी तीन आणल्या. त्या निवडायलाही आम्ही त्यांनाच बसवले. बाहेरची शेवभाजी दोनदावरून एकदावर आली आहे. ती रविवारी घरी करावी असे मुलांचे म्हणणे आहे, तर घरी काळा रस्सा जमेल, पण त्यात घालायची जाड तिखट शेव खात्रीच्या दुकानातूनच आणावी, असे सासऱ्यांचे मत आहे. आणि ती त्यांना खायची नाही!