प्रतिसाद: शब्द स्पष्ट, मग हेतूही स्पष्ट?
वर कोणीतरी लिहिलंय की शब्द स्पष्ट असले की हेतू आपोआप सिद्ध होतो. मला नाही पटत. डेरेक बेंटलीचा खटला बघा. 1952, इंग्लंडमधलं क्रॉयडन. एका पोलिसाचा जीव घेणारी गोळी झाडली बेंटलीच्या साथीदाराने, 16 वर्षांच्या ख्रिस्तोफर क्रेगने. 19 वर्षांचा बेंटली तेव्हा पोलिसांच्या ताब्यात होता. तो ओरडला म्हणे, 'लेट हिम हॅव इट, ख्रिस!' म्हणजे 'घाल गोळी' की 'देऊन टाक ते पिस्तूल'? (मुळात हे वाक्य उच्चारलंच नाही, असं दोघंही सांगत होते.) जानेवारी 1953 मध्ये बेंटली फासावर गेला.

पण मला जास्त रस आहे त्याच्या जबाबात. पोलीस म्हणाले, त्याने सांगितलं तसं जसंच्या तसं उतरवलं. भाषाशास्त्रज्ञ माल्कम कूल्टहार्ड यांनी त्यातला साधा 'देन' (मग) शब्द मोजला: 582 शब्दांत 10 वेळा! शिवाय 'देन आय' (मग मी) ऐवजी 'आय देन' (मी मग) अशी रचना, जी बोलण्यात क्वचित आणि पोलिसी जबाबांत सर्रास दिसते. मग हे शब्द बेंटलीचे की पोलिसांचे? आपल्याकडच्या पंचनाम्याची 'सदर इसम' छाप भाषा आठवली ना? 1998 मध्ये बेंटलीला दोषी ठरवणारा निकाल रद्द झाला, मुख्यतः न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेल्या सदोष मार्गदर्शनामुळे.