अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि ब्रिटन वाचलं. पण सुकाणू कुणाकडे गेलं? बलाढ्य दोस्त मिळणं हा धाकट्या दोस्ताचा फायदा की तोटा?

आडवाट: अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर 7 डिसेंबर 1941 ला जपानने हल्ला केला, त्या रात्री आपण निर्धास्त झोपलो असं ब्रिटनचा पंतप्रधान चर्चिलनेच पुढे लिहून ठेवलंय. झोपणारच! पण त्या दिवसापासून ब्रिटन दुय्यम भागीदार झालं. जपानच्या शरणागतीनंतर आठवडाभरातच अमेरिकेचा अध्यक्ष ट्रूमनने लेंड-लीजची, म्हणजे पैसे न मागता चाललेली मदत थांबवली. मग अमेरिकेकडून घेतलेलं 1946 चं 3.75 अब्ज डॉलरचं कर्ज, व्याज 2 टक्के, आणि वर अट: पौंडाचे डॉलर मोकळेपणाने बदलून द्यायचे. जुलै 1947 मध्ये ती अट अमलात आली आणि डॉलरची गंगाजळी इतकी झपाट्याने आटली की पाच आठवड्यांत या अदलाबदलीचा गाशा गुंडाळावा लागला. कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला डिसेंबर 2006 मध्ये.

तोफखाना: कर्जाचं रडगाणं पुरे. ब्रिटनच्या ताब्यातलं लिबियातलं टोब्रुक बंदर शत्रूच्या हाती पडल्याची चिठ्ठी तेव्हाचा अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टच्या हाती आली 21 जून 1942 ला, तेव्हा चर्चिल व्हाइट हाउसमध्ये त्याच्यासमोरच बसला होता. रूझवेल्टने एवढंच विचारलं, काय मदत करू? चर्चिलने अमेरिकेचे शर्मन रणगाडे मागितले. अमेरिकेच्या स्वतःच्या तुकड्यांना ते नुकते कुठे मिळू लागले होते, तरी 300 रणगाडे आणि रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवलेल्या 100 तोफा इजिप्तला रवाना झाल्या. ऑक्टोबरात इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईत शर्मन उतरले. असा सावकार मला एक दाखवा.

खारावारा: दोघंही 1942 चे सुरुवातीचे महिने विसरताय. दोस्त बलाढ्य असला म्हणून पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो असं नाही. जानेवारीत जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला भिडल्या. शहरांचे दिवे लखलखत होते आणि त्या उजेडापुढे टँकरची काळी आकृती आयतीच दिसायची. ब्रिटिश कानीकपाळी ओरडत होते, पण ताफ्याने जहाजं न्यायची पद्धत तिथे बसायला मे उजाडला. बुडणाऱ्या तेलातलं कितीतरी ब्रिटनसाठी निघालेलं होतं.

आडवाट: @तोफखाना, रणगाडे दिले, कबूल. पण ब्रिटनने काय दिलं तेही मोजा की. छोट्या रडारचा जीव असलेला मॅग्नेट्रॉन 1940 मध्येच अमेरिकेला दिला. अणुबॉम्बच्या कामात शास्त्रज्ञ दिले. आणि ऑगस्ट 1946 च्या मॅकमहॉन या अमेरिकी कायद्याने अणुसंशोधनाचं दार ब्रिटनच्याच तोंडावर आपटलं.

पाचर: दोस्त म्हणजे काय एकटं ब्रिटन? ऑस्ट्रेलियाकडे बघा. लंडनवर विसंबून भागणार नाही हे ओळखून पंतप्रधान कर्टिनने 27 डिसेंबर 1941 ला वर्तमानपत्रात लिहून टाकलं की आमची नजर आता अमेरिकेकडे आहे. धाकट्या दोस्ताला दुसरा दरवाजा उघडला, हा फायदाच.

आडवाट: दरवाजा कसला! धनी बदलला. एप्रिल 1942 मध्ये ऑस्ट्रेलियाची लढाऊ फौज अमेरिकी सेनापती मॅकआर्थरच्या हुकमाखाली गेली.

पाचर: गेली, कारण कर्टिनने दिली. त्याआधी फेब्रुवारीत मध्यपूर्वेहून परतणारी ऑस्ट्रेलियाची 7 वी डिव्हिजन ब्रह्मदेशाकडे वळवायचा घाट चर्चिलने घातला होता, आणि रूझवेल्टने त्याचीच री ओढली. कर्टिनने दोघांनाही नाही म्हटलं. त्याच डिव्हिजनच्या तुकड्या पुढे न्यू गिनीत कोकोडाच्या वाटेवर जपान्यांशी लढल्या.