कॅनकूनला समुद्रावर नेतायत, मला पिरॅमिड पाहायचेत. एकाच दिवसात कुठला?

दारव्हेकरीण :
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. लेक-जावई डॅलसला असतात. मार्चमध्ये नातीला शाळेची सुट्टी आहे, तेव्हा आम्हा दोघांना ते मेक्सिकोत कॅनकूनला नेणार आहेत. हॉटेल समुद्राला लागून, राहणं-खाणं एकाच पैशात. जावयांचा बेत म्हणजे वाळूत खुर्ची टाकायची आणि उन्हं कलेपर्यंत पडून राहायचं. वर्षभराची दगदग असते, त्यांचं काही चूक नाही. पण इतक्या दूर जाऊन मी नुसती वाळूत बसणार नाही.

वर्गात जगाचा नकाशा टांगला की एखादं पोरगं हमखास विचारायचं, "बाई, पिरॅमिड इजिप्त सोडून कुठंच नाहीत का?" मग मेक्सिकोवर छडी टेकवून तिथल्या जुन्या माया लोकांबद्दल दोन पुस्तकी वाक्यं सांगायची. आता प्रत्यक्ष पाहायला मिळतंय तर सोडायचं नाही.

लेकीनं एक दिवस दिलाय. चिचेन इत्झा, तुलुम, कोबा अशी तीन नावं पुढं आहेत. ह्यांचे गुडघे दुखतात, गळ्यात माळ आहे त्यामुळं अंडंही चालत नाही, आणि जुन्या दगडांत त्यांना काडीचा रस नाही. कापूस विकून झाला, तूर घरात आली म्हणून कसेबसे निघतायत. काय पाहावं? आणि मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागतो का? आमच्याकडं अमेरिकेचा दहा वर्षांचा आहे.

ऑस्टिनवाली :
काकू, मी मूळची अमरावतीची. व्हिसाचं आधी सांगते. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. फक्त तुमच्या व्हिसावर मल्टिपल एंट्री आहे ना ते पाहून ठेवा, परत यायचंय.

जेवणात काळ्या घेवड्याची उसळ दिसायला साधीभोळी, पण तीत बरेचदा डुकराची चरबी असते. "सिन मांतेका", म्हणजे चरबीशिवाय, एवढे दोन शब्द काकांना पाठच करून द्या. मक्याच्या पोळ्या, भात, ग्वाकामोले म्हणजे अ‍ॅव्होकाडोची चटणी, पपई, अननस यांवर पोट भरतं. हाबानेरो मिरचीच्या वाटीत मात्र आधी बोटाचं टोक बुडवा. आपण सावजी खातो ही फुशारकी तिथं चालत नाही.

माझं मत तुलुमला. कॅनकूनहून साधारण १३० किलोमीटर, कड्यावर देवळं आणि खाली निळाशार समुद्र. तुम्ही अवशेष पाहा, जावई समुद्र पाहतील.

मेहकरचा मास्तर :
बाई, तुलुम देखणं आहे, नाही म्हणत नाही. तीन बाजूंनी तट, चौथ्या बाजूला समुद्र, १३व्या ते १५व्या शतकात भरभराटीला आलेलं व्यापाराचं गाव. पण इमारती ठेंगण्या. तिथं उभं राहून तुमच्या त्या पोराला उत्तर देता येणार नाही. चिचेन इत्झालाच जा.

मी गणिताचा मास्तर, मुलाकडं गेलो तेव्हा पाहिलंय. तिथला मोठा पिरॅमिड, एल कास्तियो, हे दगडी पंचांगच आहे. चारी बाजूंना ९१-९१ पायऱ्या, झाल्या ३६४, वरचा चौथरा धरला की ३६५. आणि आतमध्ये त्याहून जुना पिरॅमिड आहे, त्यात लाल रंगाचं जग्वाराच्या आकाराचं आसन सापडलं, अंगावरचे ठिपके जेड नावाच्या हिरव्या दगडाचे. ते आता कुणाला पाहायला सोडत नाहीत. वर चढूही देत नाहीत, बरीच वर्षं झाली. त्यामुळं काकांचे गुडघे आणि तरणी पोरं तिथं एकाच पातळीवर.

मार्चच्या २०-२१ ला दुपार कलली की उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर उन्हाचे त्रिकोण उमटतात आणि खाली कोरलेल्या सापाच्या डोक्याला मिळतात. कुकुलकान, म्हणजे पिसांचा नागदेव, खाली उतरतोय असं दिसतं. तुमची सुट्टी त्याच सुमाराची असेल, तरी नेमका तो दिवस टाळा. माणसांच्या डोक्यांशिवाय काही दिसायचं नाही. त्यापेक्षा सकाळी आठला दार उघडतं तेव्हा आत असा. कॅनकूनहून दोनशे किलोमीटर आहे म्हणून लेक कुरकुर करेल, तर तिला सांगा, चिचेन इत्झा युकातान राज्यात येतं आणि कॅनकूनचं घड्याळ त्या राज्याच्या एक तास पुढं असतं. जाताना एक तास फुकट मिळतो. येताना तो परत द्यावा लागतो, पण तेव्हा झोपच काढायची असते. तिकिटं दोन घ्यावी लागतात, एक राज्याचं, एक केंद्राचं, दोन्ही जपून ठेवा. रविवार नको, त्या दिवशी मेक्सिकोच्या लोकांना प्रवेश मोफत असतो. ऊन आपल्याला नवं नाही, पण तिथली हवा दमट. घाम वाळत नाही, आणि आपण विदर्भातले लोक नेमके त्यानंच गळतो.

पिरॅमिडसमोर उभं राहून एक टाळी वाजवा. प्रतिध्वनी पाखराच्या चिवचिवाटासारखा येतो. खालच्या पायऱ्यांवरून आवाज आधी परततो, वरच्यांवरून उशिरा, म्हणून तो घसरत उतरतो. वाटाडे सांगतात, हा क्वेत्झल पक्ष्याचा आवाज. बांधणाऱ्यांनी मुद्दाम साधलाय असंही सांगतात. तेवढं मला पटलं नाही, पण टाळ्या मीही पुष्कळ वाजवल्या.

चेंडूचं मैदान चुकवू नका. १६८ मीटर लांब, भिंतीत उंचावर दगडी कडी. भरीव रबराचा चेंडू, तोही कंबरेनं उडवायचा. भिंतीच्या तळाशी मुंडकं छाटलेला खेळाडू कोरलाय, मानेतून रक्ताच्या धारांऐवजी साप निघालेत. नातीला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आणि हे सगळं लोखंडी छिन्नीशिवाय, गाडीच्या चाकाशिवाय, बैलाशिवाय! हिशेब मात्र पक्का. एक म्हणजे टिंब, पाच म्हणजे आडवी रेघ, शून्याला शिंपल्याचं चिन्ह, आणि मोजणी दहाऐवजी विसाच्या पटीत. शून्य आपलंच असं वर्गात छाती फुगवून शिकवलं मी जन्मभर. ह्या लोकांनी आपल्याला न विचारता स्वतःचं वेगळं काढलं होतं.

एक आमच्या भागाचंही सांगतो. लोणार आमच्या शेजारचा तालुका, तिथलं विवर पावणेदोन-एक किलोमीटर रुंद. युकातानच्या उत्तर टोकाला जमिनीत गाडलेलं चिक्शुलूबचं विवर साधारण १८० किलोमीटरचं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी आकाशातून जो दगड आदळून डायनासोर संपले, त्याचंच. वरून काही दिसत नाही, पण त्याच्या काठाकाठानं चुनखडी खचून विहिरीसारखे खोल डोह झालेत, त्यांना सेनोती म्हणतात. त्या भागात वाहती नदी नाही, सगळं पाणी जमिनीखाली. म्हणून गावं सेनोतीच्या आधारानं वसली. चिचेन इत्झातल्या एका सेनोतीत तर पावसाच्या देवाला सोनं, जेड आणि माणसं वाहिलेली सापडली. पाऊस न येण्याची भीती काय असते ते काकांना समजावून सांगायला नको.

कोबा दुसऱ्या क्रमांकावर. झाडीत आहे, सावली आहे, काकांना तीनचाकी सायकलरिक्षा मिळेल. तिथला नोहोच मूल नावाचा पिरॅमिड ४२ मीटर, चिचेनच्यापेक्षा उंच.

धुऱ्यावरून :
बाई, मी काही तिकडं गेलो नाही. पण जन्मभर कृषी सहायक होतो म्हणून काकांसाठी लिहितो. काकाले म्हणा, तुमची पऱ्हाटी, म्हंजे कापसाचं झाड, तिकडचीच हाय! आज वावरात आपण जे बीटी लावतो ते बहुतेक हिरसुटम जातीचं, आन् त्या जातीचं रानटी झाड युकातानच्या किनाऱ्यावर अजूनही उगवते. आपली जुनी गावरानी वेगळी, थे आर्बोरियम, आपल्या खंडातली. माया बायका कमरेला पट्टा बांधून मागावर सूत विणत. स्पॅनिश आले, त्याईनं वसुलीच कापडात लावली.

धुऱ्यावरचं घायपात पाहाता ना? त्याच्याच कुळातलं हेनेकेन. १९व्या शतकाच्या शेवटी त्याच्या दोरावर युकातानचे मळेवाले गब्बर झाले, आन् मजूर कोण? कर्जापायी मळ्याले बांधलेले माया. त्याच्या आधी १८४७ मध्ये हे लोक उठले होते, थे भांडण १९०१ पर्यंत चाललं. माया नाहीसे झाले असं कोणी वाटाड्या म्हणला तर त्याले विचारा, बावा, तुहा आजा कोण होता? अर्धेअधिक वाटाडे मायाच असतात.

अजून एक. कॅनकूनसमोर इस्ला मुहेरेस बेट हाय, बोटीनं अर्ध्या तासाच्या आत. त्याच्या दक्षिण टोकाले इशचेल देवीच्या देवळाचे अवशेष हाएत. थे चंद्राची, बाळंतपणाची आन् विणकामाची देवी. जावई समुद्र सोडत नसतील तर त्याईले तिकडंच न्या.

दारव्हेकरीण :
सगळ्यांचे आभार. चिचेन इत्झा ठरलं, पहाटे निघायचं. बेटाचं ऐकून जावई स्वतःच तयार झाले, म्हणजे माझा एक दिवस दीड झाला. सिन मांतेका ह्यांनी पाठ केलंय, पण नातीनं परीक्षा घेतली तेव्हा अर्धं विसरले.

धुऱ्यावरून भाऊ, तुमचं लिहिलेलं ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आधी "काहीही फेकतात" म्हणाले. मग चहा झाला, मग उठून कोठ्यातून सरकी आणली, हातावर घेऊन बघत बसले. आता पिरॅमिड राहिला बाजूला, ते रानटी पऱ्हाटीचं झाड कुठं दिसेल हे विचारा म्हणतायत. आणि बी आणता येईल का म्हणून.

धुऱ्यावरून :
झाड उत्तरेच्या किनाऱ्याले, वाळूच्या काठानं झुडपात. कॅनकूनच्या हॉटेलापुढं थे मिळणार नाही, तिकडं मुद्दाम जावं लागंल. बोंड लहान, रुई तोकडी अन् मळकट. पाहून काका हसतीलच.

ऑस्टिनवाली :
काकू, बी अजिबात नको हं! अमेरिकेच्या विमानतळावर सामान तपासतात, बी-बियाणं, फळं, माती सगळं विचारतात आणि लपवलं तर दंड होतो. निघायच्या दिवशी काकांच्या बंडीचे खिसे तुम्ही स्वतः तपासा.