नवीन क्लाऊनफिश दगडामागनं बाहेरच येईना, काय करू?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. माझा दीडशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, दोन महिने नुसता दगड-वाळूवर चालवला आणि अमोनिया, नायट्राइट (माशांना विषारी असतात ते) शून्य आलं तेव्हाच मासे मागवले. परवा रात्रीच्या गाडीनं पुण्याहून क्लाऊनफिशची जोडी आली, ऑसेलारिस जातीची, एक मोठा एक छोटा. पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली आणि जाळीनं मासे आत सोडले. मोठा फिरतोय पण खात नाही, आणि छोटा मागच्या दगडाच्या खाचेत जाऊन बसलाय तो बाहेरच येईना, मोठा जवळ गेला की आडवा होऊन थरथरतो, ते बघून पोटात कालवतंय ओ. पोरगी सकाळी उठली की आधी टँकपाशी जाते. सांगा की काय करू.

खारंपाणी
दादा, आधी लाईट बंद करा आणि पोरीला म्हणावं काचेवर टकटक करू नको. दोन-तीन दिवस न खाणं नव्या माशाला चालतं, त्याचं टेन्शन घेऊ नका, टाकलेलं खाणं मात्र तसंच कुजू देऊ नका, पाइपनं ओढून काढा. आणि ते थरथरणं आजार नाही! क्लाऊनफिश सगळे जन्मतः नर असतात, जोडीतला जो वरचढ ठरतो तो मादी होतो, छोटा आडवा होऊन "तूच मोठी" असं कबूल करतो. फक्त पंख फाटलेत का आणि श्वास जोरात चाललाय का ते बघा.
पुढच्या वेळी ड्रिप करा, म्हणजे माशाला टँकच्या पाण्याची हळूहळू सवय होते: मासा पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत ठेवायचा, एअरपंपाच्या बारीक नळीला सैलसर गाठ मारायची आणि सेकंदाला दोन-तीन थेंब टँकचं पाणी बादलीत सोडायचं, तासभर तरी.

पंढरपूर_रीफ
ड्रिपचं बरोबर, पण दहा-बारा तास बंद राहिलेल्या पिशवीला तासभर ड्रिप करू नये असं माझं मत आहे. आत अमोनिया साठलेला असतो, पण माशाच्याच श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं पीएच खाली असतो म्हणून तो फारसा लागत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यापेक्षा दुकानदाराला त्याच्या पाण्याचा खारटपणा विचारून घ्या, एका डब्यात तेवढंच पाणी करून ठेवा, तापमान जुळलं की मासा जाळीनं त्यात, आणि मग ड्रिप. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतलं नाही हे चांगलं केलंत.
तुमच्या टँकचा खारटपणा किती? आणि वाफ झालेलं पाणी कशानं भरता?

होटगीरोडकर
दुकानदाराला फोन केला, त्याच्या पाण्याची घनता १.०२० आहे (साधं पाणी १.०००, मीठ जास्त तसा आकडा जास्त). माझं १.०२५ होतं पण ते टँक भरला तेव्हाचं, नंतर मोजलं नव्हतं. आज जुळे सोलापुरातल्या एका मित्राकडनं रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आणून बघितलं तर १.०३०!! उन्हामुळं आठवडाभर टँकवर फॅन लावलाय, रोज तीन लिटर तरी पाणी उडतंय, आणि मी रोज मीठ घातलेलंच पाणी भरत होतो.

पंढरपूर_रीफ
सापडलं बघा. वाफ होते ती पाण्याची, मीठ टँकमध्येच राहतं. तीन लिटर खाऱ्या पाण्यात शंभरेक ग्रॅम मीठ, सात दिवसांचं सातशे ग्रॅम, दीडशे लिटरमध्ये लिटरमागे जवळपास पाच ग्रॅम जास्त. म्हणजे मासा १.०२० मधनं थेट १.०३० मध्ये पडला, लपणारच की बिचारा.
एकदम खाली आणू नका, टँकमधल्या बॅक्टेरियालाही झटका बसतो. रोज चार लिटर काढून तेवढंच आरओचं पाणी घाला, पाच दिवसांत ३५ पीपीटीच्या (लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, तुमच्या मापात १.०२६) आसपास येईल. उडालेलं पाणी वेगळं भरायचं, तेही आरओच, नळाचं किंवा बोअरचं नको. काचेवर मार्करनं रेघ मारून ठेवा, रेघेपर्यंत भरायचं. फॅन चालू ठेवा, आपल्याकडं मे महिन्यात फॅन नसेल तर पाणी तिशीच्या वर जातंच.

खारंपाणी
आणि रोज अंगावर बघत जा, मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके (रोगाची खूण) दिसले तर लगेच इथं टाका.

होटगीरोडकर
सहा दिवस झाले, आज १.०२६ आलं. मोठ्यानं तिसऱ्या दिवशीच खाल्लं. छोटा काल संध्याकाळी खाचेतनं अर्धा बाहेर आला, फ्रोजन मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जिवाचा, माशांचं खाणं) एक तुकडा तोंडात धरला, थुंकला, परत धरला आणि गिळला. पोरगी श्वास रोखून बघत होती. ठिपके नाहीत, पंख नीट आहेत. खरंच आभारी आहे तुम्हा दोघांचा.