मदत हवी आहे: फिशटँकला आपोआप पाणी भरणारी छोटी टाकी घरी कशी बनवावी?

रानवारा
फिशटँकच्या शेजारी ठेवायला पाण्याची छोटी टाकी बनवायची आहे. टँकमधलं पाणी उतरलं की हिच्यातून आपोआप भरलं गेलं पाहिजे. बाजूला सात इंच जागा आहे, त्याहून सूतभरही जास्त नाही. काच ५ मिमी पुरेल की ६ घ्यावी? सिलिकॉन कुठलं? उद्या सकाळी काचवाल्याकडे जायचंय, मापं आज रात्रीच ठरवायची आहेत. तयार मशीन घ्या असं कृपया सांगू नका, किमती बघून झाल्या आहेत. जरा लवकर सांगा.

पाणवेल
टँक केवढा? गोड्या पाण्याचा की खाऱ्या? दिवसाला पाणी किती उतरतं? काचेची जाडी टाकीच्या उंचीवर ठरते आणि उंची तुम्ही लिहिलेलीच नाही.

खारंपाणी
खाऱ्या पाण्याचा असेल तर हे करायलाच हवं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून खारटपणा रोज वाढत जातो. माझ्या मरीन टँकला सम्प (टँकखालची फिल्टरची वेगळी टाकी) आहे आणि भरणी सम्पमध्येच होते. तुम्हीही सरळ सम्प बनवा, फिल्टरचं काम त्यातच होतं. टँकच्या मागच्या काचेला भोक पाडून ओव्हरफ्लो (जास्तीचं पाणी खाली जायची वाट) काढायचा, खाली तीन कप्पे करायचे.

मिस्तरी
काचेच्या भानगडीत पडूच नका. सहा इंची पीव्हीसी पाइप घ्या, खाली एंड कॅप सोल्यूशनने चिकटवा, तळाशी टँक निपल आणि रबर वॉशर. मीटरभर पाइपात साधारण १८ लिटर मावतं. चार इंचीत साडेआठच. पाइप भिंतीला क्लॅम्पने उंचावर उभा बसवायचा, खालून पाव इंची नळी काढून तिच्या टोकाला आरओच्या टाकीत असतो तो छोटा फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी वर आली की तरंगून पाणी बंद करणारा) लावायचा आणि तो टँकच्या कडेला अडकवायचा. वीज नको, पंप नको. सामान प्लंबिंगच्या आणि आरओ दुरुस्तीच्या दुकानात मिळतं.

रानवारा
टँक दोन फुटी, २४ × १२ × १५ इंच. गोडं पाणी, झाडं, निऑन टेट्रा आणि चेरी कोळंबी. सम्प नकोय, भोक पाडायचं नाहीये. भिंतीलाही भोक पाडता येत नाही, घर भाड्याचं आहे. दहा दिवस गावी जायचंय, घरी कोणी नसणार. हँग-ऑन (काठावर टांगायचा) फिल्टर आहे, पाणी दोन बोटं उतरलं की तो हवा ओढायला लागतो. आता तरी सांगा, ५ की ६?

तिखटमीठ
एवढं कशाला? वरून काचेचं झाकण टाका, पाणी उडणारच नाही. आमच्याकडे मोठा टँक आहे, झाकण लावल्यापासून आठवड्यात बोटभरही उतरत नाही.

रानवारा
झाकण चालणार नाही, वर क्लिपचा पंखा लावलाय. मे महिन्यात पुण्यात दुपारी पाणी ३१ अंशांच्या वर जातं, कोळंबी मरायला लागते. पंख्यामुळे दोन-तीन अंश खाली राहतं आणि म्हणूनच दिवसाला दीड लिटर उडतं.

पाणवेल
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, सगळा प्रश्न या पंख्याभोवती फिरतोय. तिखटमीठ, त्यांना पाणी उडायला हवंच आहे. एक लिटर पाणी उडताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता सोबत नेतं, टँक गार राहतो तो त्यामुळे. झाकण घातलं की पाणी वाचेल आणि कोळंबी जाईल.

आता हिशोब. २४ × १२ इंचाच्या टँकमध्ये एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १.८६ लिटर. दीड लिटर गुणिले दहा दिवस, १५ लिटर. टाकी तेवढी हवी. पण सात इंचांच्या फटीत ती टँकच्या शेजारी, त्याच स्टँडवर बसणार. मिस्तरींचा फ्लोट व्हॉल्व्ह उंचावरून येणाऱ्या पाण्यावर चालतो. टँकच्या पातळीच्या खाली असलेलं पाणी आपोआप वर चढणार नाही.

मिस्तरी
मग टाकी कपाटावर ठेवा. भोक कुठे पाडायचंय? मी अशा जोडण्या अनेकांना करून दिल्या आहेत. पंप म्हटला की आज ना उद्या बंद पडणार, आणि घरात माणूस नसताना बंद पडला तर बघायचं कोणी?

सर्किट
पंप बंद पडला तर पाणी थोडं उतरेल. फ्लोट व्हॉल्व्हच्या रबरात कण अडकून तो उघडा राहिला तर १५ लिटर पाणी फरशीवर येईल. दोन्हींत मी पहिला धोका पत्करेन.

१२ व्होल्टचा छोटा डीसी पंप, त्याच्या वायरमध्ये फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर चालू-बंद होणारा), आणि अडॅप्टर. एवढंच लागतं. फ्लोट स्विच दोन लावा आणि एकापुढे एक जोडा: एक नेहमीच्या पातळीवर, दुसरा त्याच्या दीड-दोन सेंटिमीटर वर. खालचा अडकला तरी वरचा स्विच पंप बंद करतो. तिसरा टाकीच्या तळाशी, पाणी संपल्यावर पंप कोरडा फिरू नये म्हणून. आणि हे स्विच घरच्या २३० व्होल्टवर कधीही जोडू नका. ते थोड्याच करंटसाठी असतात आणि पाण्यात बसवायचे असतात. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर निदान त्या बोर्डापुरता लावून घ्या.

जुई
पाणी कुठलं भरणार? कॉर्पोरेशनचं की बोअरचं? टीडीएस (विरघळलेले क्षार) किती?

रानवारा
सोसायटीत उन्हाळ्यात टँकर आणि बोअर मिसळून येतं. टीडीएस पाचशेच्या आसपास. त्याने काय फरक पडतो, टँकमध्ये तेच पाणी आहे.

जुई
बराच फरक पडतो. खारंपाणी यांनी मिठाबद्दल लिहिलं ते गोड्या पाण्यालाही लागू आहे. उडालेल्या पाण्यासोबत क्षार जात नाहीत. वाळू-दगड वजा जाता तुमच्या टँकमध्ये ५५ लिटर पाणी असेल असं धरू. त्यात पाचशे टीडीएसचं १५ लिटर पाणी भरलंत की दहा दिवसांत टीडीएस १३५ ने वाढला. टेट्रा कदाचित सहन करतील, पण कोळंबीला कात टाकताना त्रास होतो. भरणीसाठी आरओचं पाणी वापरा. एरवी नुसतं आरओ पाणी कोळंबीला चालत नाही, पण इथे फक्त उडालेलं पाणी भरून काढायचंय आणि क्षार टँकमध्ये आहेतच. पाणी बदलताना मात्र नुसतं आरओ नको. आणि आरओच्या वेस्टच्या नळीचं पाणी अजिबात नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

घाटमाथा
वाचून एकच विचारावंसं वाटतं, टाकी बनवायचीच कशाला? धान्य भरायचे उभे चौकोनी प्लास्टिकचे डबे मिळतात. तळाला त्रिकोणात २ किंवा ५ आकडा बघून घ्या, ते सहसा खाण्याच्या वस्तूंना चालणारं प्लास्टिक असतं. झाकण येतं, गळत नाही, फुटत नाही. रंगाचे किंवा फिनेलचे जुने डबे मात्र कितीही धुतले तरी नकोत.

रानवारा
डबे बघितले. सात इंचांत बसणारे जेमतेम सात-आठ लिटरचे आहेत. शिवाय हॉलमध्ये समोरच दिसतं, मला काचेचीच करायची आहे. ६ × १२ × १८ इंच केली तर २० लिटर होते. ही मापं नक्की करू?

पाणवेल
थांबा! अठरा इंच करू नका. टँकची उंची पंधरा आहे. भरलेल्या टाकीची पातळी टँकच्या वर राहील, नळीचं तोंड तिच्या खाली येईल. पंप एकदा सुरू होऊन नळी भरली की बंद झाल्यावरही सायफनने पाणी येतच राहील. दोन काय, चार फ्लोट स्विच लावले तरी सायफन त्यांना जुमानत नाही.

टाकी चौदा इंचांपेक्षा उंच करू नका. नळीचं तोंड टँकच्या काठाच्या वर, हवेत ठेवा, पाण्यात बुडवू नका. बुडवलंत तर उलटा सायफन होऊन टँकचं पाणी टाकीत येईल. नळीच्या सर्वांत उंच वाकणात, टँकच्या बाजूला, सुईने बारीक भोक पाडून ठेवा, म्हणजे पंप थांबताच हवा शिरून धार तुटते.

मिस्तरी
सायफनची भीती एनआरव्ही (एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा व्हॉल्व्ह) टाकला की संपते.

पाणवेल
नाही संपत. एनआरव्ही टँककडून टाकीकडे येणारं पाणी अडवेल. टाकीकडून टँककडे जाणारं पाणी त्याच्या सरळ दिशेनेच चाललंय, ते तो कशाला अडवेल?

मिस्तरी
बरोबर, पुढच्या दिशेला उपयोग नाही. तरी भोकात शेवाळ बसतं, ते महिन्याला सुईने साफ करावं लागेल.

जलपरी_ठाणे
दहा दिवस मासे उपाशी राहतील का? आम्हीही सुट्टीत जाणार आहोत. दुकानदार पांढऱ्या वड्या देतोय, सावकाश विरघळणाऱ्या.

जुई
मोठे, निरोगी मासे आठ-दहा दिवस न खाता राहतात. झाडं असतील तर काही ना काही टोचत असतातच. त्या वड्या टाकू नका, मागे कोणी नसताना पाणी नासलं तर सगळेच जातील. जाण्याच्या दोन दिवस आधी थोडं पाणी बदला आणि निघताना जास्तीचं खायला घालू नका.

तिखटमीठ
आमच्या शेजाऱ्यांनी जाताना मासे नदीत सोडले.

घाटमाथा
असं कोणी करू नये. उजनी धरणात चिलापी (बाहेरून आलेला तिलापिया मासा) कशी पसरली आहे ते तिथल्या कोळ्यांना विचारा, स्थानिक मासे मागे पडले. घरचा मासा नको असेल तर दुकानात परत द्यावा, बरेच जण फुकटात घेतात.

रानवारा
विषय भरकटतोय. १४ इंचांची केली तर १५ लिटर भरतात का? आणि काच?

पाणवेल
६ × १२ × १४ म्हणजे ढोबळ १५ × ३० × ३५ सेंटिमीटर, पण काचेची जाडी वजा जाता आतून १४ × २९ × ३५, सव्वाचौदा लिटर. वरचा सेंटिमीटर रिकामा, खाली पंप बुडेल एवढं पाणी कायम, म्हणजे वापरायला साडेबारा मिळतील. दीड लिटरने आठ दिवस आणि वर थोडं. पंख्याला टायमर लावून तो सकाळी अकरा ते रात्री नऊ एवढाच चालवा, उडणं कमी होईल आणि दहा दिवस निघतील. निघायच्या दिवशी टँक काठोकाठ भरलात की आणखी थोडी सवड मिळते.

काच ५ मिमी पुरे, ६ ची गरज नाही. काचवाल्याला द्यायची मापं अशी: तळ ३० × १५, लांब बाजू दोन ३० × ३५, अरुंद बाजू दोन १४ × ३५. चारही बाजू तळावर उभ्या राहतात आणि अरुंद बाजू लांब बाजूंच्या मध्ये बसतात, म्हणून दोन्हीकडचे ५ मिमी वजा. हे सांगितलं नाही तर काचवाला १५ च कापतो आणि टाकी तळापेक्षा रुंद होते. कडा ग्राइंड करून मागा. काच साडेचार किलो, पाणी धरून एकूण एकोणीस, स्टँडच्या त्या टोकाला तेवढं पेलेल का ते आधी बघा.

सिलिकॉन अ‍ॅसेटिक, व्हिनेगरसारखा वास येणारं. बाथरूमसाठी विकतात ते बुरशीरोधक नको, त्यातलं औषध कोळंबीला मारतं. जोडाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, सिलिकॉन भरून बोटाने एकाच ओढीत सपाट करा आणि ओलं असतानाच टेप काढा. दोन दिवस तरी सुकू द्या, वास पूर्ण गेला पाहिजे. मग बाथरूममध्ये भरून दिवसभर ठेवा, खाली वर्तमानपत्र पसरा, बारीक गळतीही कागदावर दिसते. ते पाणी फेकून द्या.

सर्किट
आणि टाकीला झाकण हवंच. उघड्या साठलेल्या पाण्यात आठवड्या-दहा दिवसांत डासांची पिढी तयार होते, तुम्ही नेमके तेवढेच दिवस बाहेर आहात. टँकमधले मासे अळ्या खातात, टाकीत खाणारं कोणी नाही. नळी-वायरच्या खाचेवर मच्छरदाणीचा तुकडा चिकटवा. बाहेरून काळा कागद लावलात तर शेवाळही धरणार नाही.

रानवारा
वजनाचा प्रश्न नाही, स्टँड लोखंडी अँगलचा आहे. मापं लिहून घेतली. फ्लोट स्विच आणि पंप पुण्यात कुठे मिळतील? ऑनलाइन यायला चार दिवस लागतायत.

सर्किट
बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. 'पाण्याच्या टाकीचा आडवा फ्लोट स्विच' म्हटलं तर भोक पाडून बसवायचा देतील. तुम्हाला उभा हवा, दांडीवर वरखाली होणारा. तो अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीत बसवून पट्टी काठावर अडकवता येते. दुकानातच मल्टिमीटरने तपासा: तरंग वर गेल्यावर सर्किट तुटलं पाहिजे. उलटा निघाला तर बहुतेक प्रकारांत तरंग काढून उलटा घातला की जमतं. तळातल्या स्विचचं मात्र उलट, तिथे तरंग खाली आल्यावर तुटायला हवं.

खारंपाणी
निघायच्या आधी घरी असतानाच आठवडाभर चालवून बघा. टाकीवर पट्टी चिकटवून रोजच्या पातळीची खूण करा, म्हणजे दीड लिटरचा अंदाज खरा आहे का ते कळेल. आणि एकदा वरचा फ्लोट हाताने उचलून पंप खरंच थांबतो का ते पाहा.

रानवारा
खूण करून ठेवतो. चालू झालं की फोटो टाकेन. नळी पाव इंची आरओची चालेल ना या पंपाला?

सर्किट
पंपाचं तोंड मोजा. बहुतेक छोट्या पंपांचं ८ मिमीच्या आसपास असतं, त्यावर मऊ सिलिकॉनची नळी बसते. आरओची कडक नळी बसणार नाही.